कापडाखालची देवी

१

देवी नाहीशी झाल्याचं सकाळी कळलं, आणि चहाला उकळी फुटेपर्यंत घरात चोरही ठरून गेला. एवढा झटपट निकाल कुठल्याच कोर्टात लागत नाही.

मावशी पोचल्या तेव्हा तो चोर कारखान्याच्या दारातल्या बाकावर बसून पिशवी भरत होता. दोन सदरे, एक टॉवेल आणि कोरायच्या हत्यारांची गुंडाळी. आबांच्या हाताखाली त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते, तरी घरात सगळे त्याला अजून पट्टशिष्यच म्हणत. आधी कौतुकानं, मग थट्टेनं आणि पुढे सवयीनं.

"कुठे निघालास?" मावशींनी विचारलं.

"कुणी जा म्हणायच्या आधी गेलेलं बरं, मावशी. रात्री कारखान्यात मी एकटा झोपतो, दाराला आतून कडी होती. दुसरं कोण नेणार? असं सगळ्यांच्या तोंडावर दिसतंय." त्यानं पिशवीचा बंद ओढला. "दिव्यांचे साचे वाळलेत. ते ओतायचं काम पुढच्या आठवड्यात होतं, पण आजच भट्टी लावतो. अर्धवट टाकून जाणं बरं नाही."

"तू नेलीस का?"

"नाही."

"मग बस जरा. भट्टी लाव, पण पिशवी राहू दे."

मावशी म्हणजे आबांची मेहुणी. बहीण जाऊन खूप वर्षं झाली तरी या घराचं काही अडलं की बोलावणं मावशींनाच यायचं. त्याला कारणही होतं. सगळी नोकरी त्यांनी रेल्वे स्टेशनातल्या 'हरवले-सापडले' खिडकीमागे काढली होती. छत्र्या, चष्मे, कवळ्या, एकदा तर पिंजऱ्यासकट बोलणारा पोपट, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. स्टेशनात त्यांना सापडलेबाई म्हणत. त्यांचं एक मत पक्कं होतं: वस्तूला पाय नसतात. ती कुणीतरी नेते नाही तर कुणीतरी ठेवते. नेणाऱ्याला शोधायला पोलीस लागतात, ठेवणाऱ्याला शोधायला चिकाटी पुरते.

"चल, जागा दाखव," त्या म्हणाल्या.

आबांचा कारखाना म्हणजे एका ओळीतल्या तीन खोल्या आणि मागे भट्टीचं अंगण. पहिल्या खोलीत मेणकाम. मधमाशीचं मेण आणि कुटलेली राळ एकत्र मळायची, त्यातून मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे थर चढवायचे, तो साचा सावलीत वाळवायचा, मग भाजायचा. मेण वितळून वाहून जातं आणि त्याच्या जागी वितळलेला धातू ओततात. दिवे, घंटा, दारांच्या मुठी, सगळं याच रीतीनं. पण देवाची मूर्ती असली की एक जुना नेम होता. मेणात ती पुरी झाली की तिच्यावर सुती कापड टाकायचं, आणि ती मातीत जाईपर्यंत घडवणाऱ्याखेरीज कुणी ते कापड उचलायचं नाही. डोळे सगळ्यात शेवटी, धातूत उघडतात. तोवर ती झोपलेली. झोपलेल्याकडे कुणी टक लावून बघत नाही, असं आबा म्हणायचे, आणि घरातलं कुणी बघतही नसे.

कोपऱ्यातल्या चौरंगावर ते कापड नुसतं पडलं होतं. मावशींनी ते उचलून नाकाशी नेलं. मग चौरंगाच्या फळीवर बोट फिरवलं. लाकडावर ओलीचा गोल डाग होता, चांगला तळहाताएवढा.

"मूर्तीची बैठक कशी होती?"

"चौकोनी," पट्टशिष्य म्हणाला. "आबांनी फळीवर मापं घेतली तेव्हा मी होतो. घडवताना मात्र कुणालाच येऊ दिलं नाही त्यांनी."

दुसरी खोली वाळवणीची. मांडणीवर मातीचे गोळे आडवे निजवले होते, लहान, मोठे, जाडे, काटकुळे, सगळ्यांची तोंडं खिडकीकडे, वारा लागावा म्हणून. कोपऱ्यातला एकच तेवढा रुसल्यासारखा भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाहेरून हाक आली तसा पट्टशिष्य कोळसे बघायला गेला, आणि मावशी त्या रुसलेल्या गोळ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

२

आबा काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. गेल्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आज सकाळी पहिल्यांदा ते कारखान्यात गेले, देवीवर मातीचा पहिला थर चढवायला. कापडाला हात लावला तर खाली काही नाही.

"पोलिसांना काय सांगू?" ते म्हणाले. "मेणाचा गोळा गेला म्हणून?"

"दुसरी नाही का करता येणार, भाऊजी?"

"मेण आहे. हात आहेत, कापतात थोडे. पण ती येईल का?" आबांनी चष्मा नाकावर सरकवला. "तुला वाटत असेल, म्हातारा उगाच देव करून ठेवतोय कारागिरीचा. तसं नाही. आधी बसावं लागतं. तिच्या ध्यानाच्या ओळी आहेत. हात किती, कुठल्या हातात काय, मान कुणीकडे. त्या कुणालाही पाठ होतात. मापंही ठरलेली, तोंडाच्या लांबीवर सगळं अंग. इतकं सगळं हाताशी असून ती दिसत नाही. रोज बसायचं आणि रोज उठायचं. एखाद्या दिवशी दिसते. मग हातांनी तिच्या मागून जायचं, बस. या वेळी दिसायला वर्ष गेलं. आता आणखी एक वर्ष माझ्याकडे आहे असं मला वाटत नाही."

मावशी मुळात भाविक नव्हत्या, पण माणूस काय गमावून बसलाय हे त्यांना कळत असे. तेच तर त्यांचं काम होतं.

"दिसली हे कळतं कशावरून? मनाचेही खेळ असतात."

"माझ्या वडिलांनी खूण सांगितलीय. उठल्यावर स्वतःला विचारायचं, किती वेळ बसलो होतो? उत्तर देता आलं तर तू नुसता बसला होतास. नाही आलं, तर ती येऊन गेली."

"आणि तुमचं नाव का नाही घालत मूर्तीखाली? लोक घालतात की."

"मेण जातं, पोकळी उरते, तिच्यात ती येते. आमचं काम जागा रिकामी करण्याचं. जागा रिकामी केली म्हणून कुणी पाटी लावतं का?" आबा जरा हसले. "एका साच्यात एकच. साचा फोडल्याशिवाय ती बाहेर येत नाही, आणि फोडला की संपला."

"मुलाला हे सांगितलंत कधी?"

"मुनीमला?" आबांनी आपल्या एकुलत्या एका मुलाचं हे नाव स्वतःच ठेवलं होतं. "लहानपणी सदा पायात पायात असायचा माझ्या. तेव्हा वाळवणीचं छप्पर गळायचं. साच्याच्या तोंडात थेंब जाऊ नये म्हणून तोंडं भिंतीकडे फिरवून ठेवायचो, ते काम त्याचं. आवडीनं करायचा. पुढे एक मूर्ती केली त्यानं. मापं सगळी बरोबर, आणि आत कुणी नाही. मी म्हटलं, तुला दिसत नाही बाबा, तू हिशेब बघ. तेव्हापासून हिशेब बघतोय. नवं छप्पर घातल्यापासून तर त्यानं त्या खोलीत पाऊल ठेवलेलं मला आठवत नाही."

"जरा जास्तच कडक बोललात."

"खरं तेच बोललो," आबा म्हणाले.

स्वयंपाकघरात सून खलबत्त्यात राळ कुटत होती. दिव्यांचं मेणकाम आता तीच करायची आणि छान करायची. मावशींना बघून तिनं हात थांबवला.

"मावशी, सगळं माझ्यावरच येतंय. रोज संध्याकाळी कापडावर पाणी शिंपडते ती मी. उकाड्यात मेण मऊ पडू नये म्हणून. कालही शिंपडलं. तेव्हा होती ती, कापडाखाली उंचवटा दिसत होता. म्हणजे गेली ती रात्रीच. आणि रात्री आत ते एकटेच." ती पट्टशिष्याबद्दल बोलत होती. "पण ते असं करतील असं मला नाही हो वाटत."

"शिंपडताना कधी काही वेगळं जाणवलं?"

सून विचारात पडली. "हसाल तुम्ही. कापड ओलं झालं की मधासारखा वास यायचा. त्या वासासाठीच मी जरा रेंगाळायचे. गेल्या आठवड्यात येईनासा झाला. म्हटलं, मला सर्दी झाली असणार."

"झाली होती का सर्दी?"

"नाही. आता तुम्ही विचारल्यावर वाटतंय, नव्हती झाली."

"आणि राळ स्वयंपाकघरात का कुटतेस?"

"हा खलबत्ताच मेला हरवला होता ना. सगळा आठवडा शोधला, शेवटी शेजारणीचा मागून आणला. आज सकाळी बघते तर कोळशाच्या पोत्यामागे. तिथे मी दोनदा हात घालून बघितलं होतं. आता पुन्हा डोळ्यांआड नको म्हणून इथेच घेऊन बसले."

मावशींनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या खिडकीवरचा अनुभव होता: एक वस्तू हरवते त्याच दिवशी दुसरी सापडत असेल, तर त्या दोघींची ओळख असते.

३

बाहेरच्या खोलीत गॅलरीवाला पाय हलवत बसला होता. मूर्तीची मागणी त्याची. कपड्यांना इस्त्री कडक, बोलणं मऊ.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "लोकांना हल्ली असंच काहीतरी हवंय. शांत, अंतर्मुख. अध्यात्माला मागणी आहे, बाई."

"एका मूर्तीनं किती जणांची मागणी भागणार?"

"एक कशी? आज दुपारी माझा माणूस येणार होता, रबराचा साचा काढणारा. मेणाला ओरखडासुद्धा पडत नाही. मूळ मूर्ती आबांच्या पद्धतीनं होईल, आणि बाकीच्या प्रती आम्ही बाहेर करून घेऊ. पाहिजे तेवढ्या."

"आबांना हे ठाऊक आहे?"

"ते मुनीमजींकडे. त्यांनी शब्द दिलाय." त्यानं घड्याळाकडे बघितलं. "न देऊन सांगतात कुणाला? यांचे दिवे, घंटा, सगळं माझ्याच दुकानातून जातं. पण चोरीच झाली म्हटल्यावर मी तरी कुणाला बोल लावणार? त्या कामगाराला मात्र सोडू नका."

मुनीम खिडकीशी उभा होता. बापाच्या शेजारी उभं केलं तर कुणीही ओळखावं असं नाक, आणि त्यावर कायम कसली तरी बेरीज चुकल्यासारखा भाव. मावशींनी त्याला बाजूला घेतलं.

"तुला काय वाटतं रे?"

"पट्टशिष्यानं नाही केलेलं."

"तुला कसं ठाऊक?"

"तो नाही करणार, मावशी. सगळ्यांना सांग तू. तुझं ऐकतील."

"तू का नाही सांगत?"

त्यानं मान खिडकीकडे वळवली. हातातला चहा केव्हाच गार झाला होता आणि त्यावर साय धरली होती.

मावशी परत आत गेल्या. सुनेला म्हणाल्या, "तो खलबत्ता घे आणि माझ्याबरोबर ये."

मेणकामाच्या खोलीत त्यांनी खल चौरंगावर ठेवला. तो फळीवरच्या गोल डागावर असा बसला की जणू तिथेच वाढला होता. खलात बत्ता उभा केला, तो कलू नये म्हणून भोवती दोन चिंध्या कोंबल्या, आणि वरून कापड टाकून ओंजळभर पाणी शिंपडलं. ओलं कापड खाली बसलं. खाली रुंद, मध्ये भरीव, वर निमुळतं. मांडी घालून बसलेलं कुणीतरी.

सून दोन पावलं मागे सरली.

"हीच," ती म्हणाली. "मावशी, काल संध्याकाळी मी हिलाच पाणी घातलं."

४

म्हणजे देवी काल रात्री गेलीच नव्हती. ती गेली होती आठवड्यापूर्वी, आणि आठवडाभर हे घर उन्हाळ्यात एका खलबत्त्याला गारवा देत होतं. कापड उचलायचं नाही हा नेम सगळ्यांनी मनापासून पाळला, म्हणून एकालाही पत्ता लागला नाही. आतून लावलेली कडी, रात्री एकटा झोपणारा माणूस, सगळा पुरावा असा फुकट गेला. मावशींना हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली, कारण अंगणात तो माणूस भट्टीला वारा घालत होता.

"आठवड्यापूर्वी घर रिकामं कधी होतं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"ऑपरेशनच्या दिवशी. आबांना धरायला मी आणि पट्टशिष्य, दोघंही गेलो होतो. दिवस तिकडेच गेला." ती बोलता बोलता थांबली. घरी कोण राहिलं होतं हे तिला बायको म्हणून ठाऊकच होतं. "पण मावशी, ते मातीला हातसुद्धा लावत नाहीत."

"मी काही म्हटलं का?"

मावशी वाळवणीच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी शांतपणे सगळं मनाशी जुळवलं. मेण विकायला नेणारा माणूस चौरंगावर खलबत्ता बसवायला थांबत नाही. ज्यानं तो बसवला त्याला वेळ हवा होता, आणि वेळ लागतो तो माती वाळायला. तेव्हा देवी गेली नव्हती, ठेवली होती. दिव्यांच्या एवढ्या गोळ्यांत एक गोळा जास्त झाला तर कुणाच्या लक्षात येणार? पोत्यात बटाटा वाढला म्हणून कुणी हाका मारत नाही.

आता ठेवली कुणी? पट्टशिष्य आणि सून रोज साचे लावतात, खिडकीकडे तोंड करून. हात आपोआप तसेच वळणार. दोघंही या घरात आले ते नव्या छपराखाली. आबांनी तर पद्धत स्वतःच बदललेली, आणि आपल्याच देवीला माती लावायला त्यांना चोरी कशाची? भिंतीकडे तोंड वळवणारा एकच. जो गळक्या छपराखाली शिकला, आणि नवं छप्पर यायच्या आत ज्याचं शिकणं थांबलं.

अंगणातून पट्टशिष्याचा आवाज आला. "मावशी, जरा सरता का? साचे भाजायला लावतो."

मावशी कोपऱ्यातल्या गोळ्याच्या आड उभ्या राहिल्या. देवाच्या मूर्तीसाठी मेण आधी तोलतात आणि त्या मानानं धातू घेतात. दिवा समजून हा गोळा भट्टीत गेला तर मेण वाहून जाणार, दिव्यापुरता धातू ओतला जाणार, आणि साचा फोडल्यावर कमरेपर्यंतची देवी निघणार. दुसरी संधी नाही. आणि हे सगळं होणार ते हातातलं काम पुरं करून जाण्याच्या सज्जनपणापोटी.

"या टोकापासून ने," त्या म्हणाल्या, आणि तो पहिली खेप घेऊन वळला तसा त्यांनी कोपऱ्यातला गोळा उचलून पदराखाली घेतला. चांगलाच जड होता.

मग त्या बाहेरच्या खोलीच्या दाराशी गेल्या. गॅलरीवाला मुनीमला काहीतरी समजावत होता.

"काही नाही," मावशी सहज म्हणाल्या, "पट्टशिष्यानं भट्टी पेटवलीय. दिवे आजच ओततो म्हणतो. साचे न्यायला लागलाय."

गॅलरीवाल्यानं मान हलवली. मुनीमच्या हातातून कप पडून फुटला. तो मावशींच्या अंगावरूनच धावला, वाळवणीच्या खोलीत शिरला आणि इकडेतिकडे न बघता थेट कोपऱ्याकडे गेला.

कोपरा रिकामा होता.

५

मावशी आत येऊन स्टुलावर बसल्या तेव्हा तो मांडणीला धरून उभा होता. चेहरा मातीसारखा झाला होता.

"काय हरवलं?" त्यांनी विचारलं.

तो त्यांच्याकडे वळला. मग त्याला पदराखालचा गोळा दिसला, आणि तो त्यांच्यासमोर खाली बसला.

"दे, मावशी."

"असं नाही. इतकी वर्षं खिडकीवर बसले, नियम एकच. जो मागायला येईल त्यानं वर्णन सांगायचं. ओळख पटली तर वस्तू परत."

"तुला सगळं कळलंय."

"मला कळून काय उपयोग? तू सांग."

तो मातीकडे बघत बोलायला लागला. आवाज हळू होता.

"मी शब्द दिला होता, रबराच्या साच्याचा. आबांना न विचारता. माझं म्हणणं होतं, मेणच तर आहे. ज्याची प्रत्येक बाजू मोजता येते, त्याची प्रत होते. रबरवाल्यानं मापं मागितली होती. घरात कुणी नव्हतं. मी टेप घेऊन आलो आणि कापड उचललं." तो थांबला. "मान जराशी डावीकडे आहे. खूप नाही. कुणीतरी हळू बोलतंय आणि ती ऐकतेय, तेवढीच. उजवा हात गुडघ्यावर, पण सोडलेला नाही, आत्ता उचलेल असा. आणि डोळे अजून नाहीत, तिथे नुसतं गुळगुळीत मेण. तरी मला वाटलं, ही मला बघतेय. रागानं नाही. मी केलेली ती पहिली मूर्ती आठवली. तिच्या आत कुणी नव्हतं ते आबांचं खरंच होतं, मावशी. मला ते त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी रागातच होतो."

"मग?"

"मग काय. मोजायला गेलो आणि मोजायचंच विसरलो. टेप तिथेच पडली होती. पुढे कळेना काय करावं. नाही म्हटलं तर गॅलरीवाला सगळंच काम काढून घेईल, हो म्हटलं तर हिच्या शंभर होतील. एकदा मातीत गेली की कुणाला काढता येणार नाही, एवढंच सुचलं. चाळून ठेवलेली बारीक माती होती. हाताला आठवत होतं सगळं. पुढचे थर दुपारी सगळे झोपल्यावर चढवले. आज पहाटे पट्टशिष्य अंगणात आंघोळीला गेला तेव्हा खलबत्ता काढला. चोरी झाली म्हणजे कुणाचाच दोष नाही, असं वाटलं. पट्टशिष्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही. ओतायच्या आधी आबांना सांगणार होतो. सकाळपासून शब्द जुळवतोय, जुळत नाहीत. त्यांनी मला एकच काम सोपवलं होतं, हिशेबाचं, आणि त्याच हिशेबापायी मी हिलाच विकायला काढलं होतं."

"ओळख पटली," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी गोळा त्याच्या मांडीवर ठेवला.

तेव्हा त्यांना दिसलं की दारात आबा उभे आहेत. सुनेनं त्यांचा दंड धरला होता. किती ऐकलं असेल ते चष्म्यामागून कळत नव्हतं. मुनीम उठू लागला, पण मांडीवर देवी होती.

आबा भिंतीला हात लावत आत आले, लेकासमोर बसले आणि चाचपडत त्यांनी गोळ्यावर हात ठेवला. बोटं सगळीकडून फिरली. मातीचा थर कुठे पातळ पडलाय, कुठे जाड, धातू ओतायचं तोंड, हवा जायच्या वाटा, साचा तडकू नये म्हणून गुंडाळलेली तार. एका जागी बोट थांबलं.

"इथे तार आणखी एक वेढा हवी होती."

"हो, आबा."

"पट्टशिष्याची माफी मागितलीस?"

"नाही अजून."

"आधी ते. सगळ्यांसमोर. आणि त्या बाहेरच्या गृहस्थाला काय सांगणार आहेस?"

"मूर्ती एकच होईल म्हणून."

"तो दिव्यांचंही काम काढून घेईल."

"घेईल. मग मी दुसरी दुकानं हिंडेन. ते मला जमतं."

आबांनी मान हलवली. अंगणात कोळसा तडतडत होता. मावशींना वाटलं, आता म्हातारा रागावेल, आणि रागावला तर तेही बरंच. पण आबांनी चष्मा काढला. डोळे अजून लाल होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं, औषधाचं की कशाचं ते कुणी विचारलं नाही.

"त्या दिवशी," त्यांनी विचारलं, "तिच्यासमोर किती वेळ बसला होतास?"

मुनीम गडबडला. आयुष्यभर आकड्यांत वावरलेला माणूस, तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत राहिला. हॉस्पिटलमधून सगळे परतले ती वेळ, ऊन कुठे होतं ती वेळ. शेवटी त्यानं मान खाली घातली.

"नाही सांगता येत, आबा. खरंच नाही."

आबांचा हात साच्यावरून निघाला आणि लेकाच्या डोक्यावर गेला. 

"ऊठ," ते म्हणाले. "ही जरा वाळू दे नीट. तार मी दाखवतो तशी घाल. आणि ओतायच्या दिवशी भट्टीजवळ अनवाणी येऊ नकोस लहानपणासारखा. जोडे घालून ये."

मुनीम उठला. साचा त्यानं मांडणीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. सवयीनं तोंड भिंतीकडे केलं, मग क्षणभर थांबून ते खिडकीकडे वळवलं, आणि पट्टशिष्याला शोधत अंगणात गेला.

मावशींनी बाकावरची पिशवी उचलली, तिचा बंद सोडला आणि त्यातला टॉवेल काढून दोरीवर वाळत घातला.